लंडन ते पॅरिस: विमान की रेल्वे?

नकाशावर लंडन आणि पॅरिसमध्ये सरळ रेषेत जेमतेम ३४४ किलोमीटर अंतर आहे. विमानाला सव्वा तास पुरतो. युरोस्टार रेल्वेला साधारण सव्वादोन तास लागतात. हे आकडे पाहून बरेच जण विमानाचं तिकीट काढतात आणि तिथेच फसतात.

हीथ्रो विमानतळ लंडनच्या पश्चिम टोकाला आहे, तर शार्ल द गॉल विमानतळ पॅरिसपासून पंचवीसेक किलोमीटरवर. दोन्हीकडची ये-जा, बॅग देण्याची रांग, सुरक्षा तपासणी आणि शेवटी पट्ट्यासमोर बॅगेची वाट पाहणं, हे सगळं धरलं की सव्वा तासाचे सहज पाच तास होतात.

युरोस्टार लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून सुटते आणि गार दु नॉर स्टेशनला, म्हणजे थेट पॅरिस शहरात उतरवते. तासभर आधी पोचावं लागतं, पण फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनमध्येच होते. त्यामुळे उतरलं की बॅग उचलायची आणि चालू लागायचं. इंग्लंडच्या केंट भागातली हिरवी शेतं मागे पडतात, खिडकी एकदम काळी होते, कानात किंचित दडे बसतात. १९९४ साली सुरू झालेला हा इंग्लिश खाडीखालचा बोगदा ५० किलोमीटरचा, त्यातले ३८ समुद्राखाली! वीसेक मिनिटांत पुन्हा उजेड, आणि आपण फ्रान्समध्ये.

पुढे दुसरं विमान पकडायचं असेल तरच मी विमान सुचवेन. घड्याळ मात्र एक तास पुढे करा. आणि भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही, शेंगेन व्हिसा (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा) वेगळा काढावा लागतो.