हार्ड डिस्क बिघडतेय: दुरुस्ती, पूर्ण कॉपी की रिकव्हरी लॅब?

फोल्डर उघडताना कॉम्प्युटर अडकून बसतो, फाइल कॉपी होता होता थांबते, सुरू होतानाच विंडोज डिस्क तपासायला घेतं. अशा वेळी तीन वाटा असतात: विंडोजमधल्या चेकडिस्क या तपासणीच्या टूलने जागच्या जागी दुरुस्ती, सगळ्या डिस्कची दुसरीवर कॉपी, किंवा वीज बंद करून डिस्क रिकव्हरी लॅबकडे देणं. बहुतेक जण चेकडिस्कपासून सुरुवात करतात, कारण ते फुकट आणि हाताशी असतं. बॅकअप नसेल तर माझ्या मते त्याचा नंबर शेवटचा.

आधी दोष खरंच डिस्कचा आहे का ते बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं टूल डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तिच्या तब्येतीची नोंद, दाखवतं. त्यातले तीन आकडे पुरेसे आहेत. ५ क्रमांकाचा म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून टाकलेले सेक्टर (डेटा साठवणारे डिस्कचे छोटे तुकडे), १९७ म्हणजे वाचता न आल्याने लटकलेले सेक्टर आणि १९९ म्हणजे डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुका. फक्त १९९ वाढत असेल तर ती डेटा केबल (साटा केबल) बदला, बहुधा तेवढ्यावर भागतं. तो आकडा पुन्हा शून्यावर येत नाही, तेव्हा वाढ थांबली का एवढंच पाहायचं. (हे टूल कच्चे आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत, दाखवतं. तिथे शेवटी १० दिसले तर ते सोळा असतात.) ५ आणि १९७ वाढत असतील तर मात्र डिस्कचा पृष्ठभागच खराब होत चालला आहे.

चेकडिस्कची अडचण इथेच आहे. ते फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याच्या नोंदी, सुसंगत करण्यासाठी बनलंय, तुमच्या फाइल वाचवण्यासाठी नाही. वीज गेल्यामुळे किंवा डिस्क अचानक ओढून काढल्यामुळे नोंदी विस्कटल्या असतील, तर ते उत्तम काम करतं. पण खराब सेक्टर शोधणारा आर (/r) हा पर्याय लावला की ते अख्खी डिस्क वाचत सुटतं, आणि त्याच डिस्कवर लिहितंही. मरायला टेकलेल्या हेडवर (डिस्क वाचणाऱ्या भागावर) हा ताण जीवघेणा ठरू शकतो. शिवाय ज्या तुकड्यांचा ठावठिकाणा लागत नाही, ते वेगळ्या फोल्डरमध्ये नाव हरवलेल्या फाइल म्हणून पडतात. त्यातून लग्नाचे फोटो शोधत बसायची वेळ कुणावर येऊ नये.

कॉपीचा मार्ग कंटाळवाणा आहे, पण मूळ डिस्कवर काही लिहिलं जात नाही. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू त्यासाठी मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ते चालवता येतं. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडणारी जागा सोडून पुढे जातं आणि अवघड सेक्टरकडे नंतर वळतं. काय वाचलं, काय राहिलं याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवलीत, तर मध्येच बंद करून नंतर तिथूनच पुढे सुरू करता येतं. दुसरी डिस्क निदान तेवढ्याच क्षमतेची हवी आणि तिच्यावरचं सगळं पुसलं जाईल. मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती, हा क्रम उलटा लिहिलात तर रिकामी डिस्क तुमच्या डेटावर उतरेल, म्हणून एंटर मारण्यापूर्वी क्षमता आणि सिरियल नंबर ताडून बघा. चेकडिस्क चालवायचंच असेल तर मग त्या कॉपीवर चालवा. एकच छोटं फोल्डर हवं असेल आणि ते अजून उघडत असेल, तर एवढा खटाटोप करू नका. तेवढं आधी उचलून घ्या.

डिस्कमधून टक-टक असा तालात आवाज येत असेल, डिस्क फिरतच नसेल, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसत नसेल किंवा पडल्यानंतर बिघडली असेल, तर वरचे दोन्ही मार्ग संपले. पुन्हापुन्हा चालू करून पाहू नका. लॅब स्वच्छ खोलीत डिस्क उघडून त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे हेड बसवू शकते. घरी हे होत नाही. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना उपाय विसरा, ओलावा आत धरला तर डेटा असलेल्या आतल्या चकत्या खराब होतात. नुसता सर्किट बोर्ड बदलूनही सहसा चालत नाही, कारण त्या डिस्कपुरती जुळवलेली माहिती जुन्या बोर्डवरच्या चिपमध्ये असते. लॅबचा खर्च नव्या डिस्कच्या कित्येक पट होतो आणि यशाची खात्री नसते. त्यामुळे डेटा परत मिळाला नाही तरी पैसे लागतील का, हे लेखी विचारा.

एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) असेल तर आवाजाची सूचना मिळत नाही, ती एकाएकी गायबही होऊ शकते. ट्रिम (पुसलेल्या फाइलची जागा एसएसडीला मोकळी करायला सांगणारी सोय) चालू असेल तर पुसलेली फाइल परत मिळण्याची आशाही फार धरू नका.

डेटा हातात आल्यावर जुन्या डिस्कचं काय? ती वॉरंटीत असेल तर बदलून मिळेल, पण वॉरंटी डिस्कची असते, आतल्या फाइलची नाही. परत पाठवण्याआधी, ती अजून चालत असेल तर, पूर्ण पुसून घ्या.