शनिपारापाशी असलेली अभ्यासिका: रात्री दहाला बंद होते, तरी चार तारे

मी बीड जिल्ह्यातली. 2022 च्या जूनमध्ये राज्यसेवेच्या परीक्षेसाठी पुण्यात आले. तेव्हापासून सदाशिव पेठ परिसरात ही माझी तिसरी अभ्यासिका. या एका विषयात तरी माझा कट-ऑफ क्लिअर आहे.

आधीची चोवीस तास उघडी होती. एसी, वायफाय, अंगठा लावला की उघडणारं दार, महिना 1,800. कमी काहीच नव्हतं. पूर्व परीक्षा दोन मार्कांनी हुकली आणि नंतर नऊ दिवस मी खोलीतून हललेच नाही. मेसचा डबा यायचा, अर्धा तसाच परत जायचा. दहाव्या दिवशी गेले, अंगठा लावला, मशीन ‘थँक यू’ म्हणालं. झालं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मी नव्हते हे कळलंच नव्हतं. तिचं नाव मलाही माहीत नव्हतं म्हणा.

आता ही. जुन्या वाड्याचा पहिला मजला, करकरणारा लाकडी जिना, 42 टेबलं, महिना 1,200. सकाळी सहा ते रात्री दहा. दहाला पाच कमी असताना अभ्यासिका चालवणारे काका दिवे दोनदा बंद-चालू करतात. पहिल्या महिन्यात मी भांडले. “काका, मुख्यच्या आधी तरी बारापर्यंत ठेवा.”

“अगं, साडेनऊनंतर तू काय वाचतेस ते बघतो ना मी. एकाच पानावर आधी पिवळा हायलायटर, मग त्यावर गुलाबी.”

खोटं नव्हतं. मोठ्या माणसाला निदान सात तास झोप लागते, हे मलाही ठाऊक होतं. तरी दोन वर्षं मी साडेचार तासांवर काढली आणि त्यातून आलेल्या चिडचिडीला ‘सिरियसनेस’ म्हणत राहिले. इथे नाइलाजाने साडेदहाला खोलीवर पोचते आणि झोपते. 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, त्यामुळे रोज उत्तरं लिहून काढावी लागतात. जागरण झालं की तिसऱ्या उत्तरापासून अक्षरच सांगतं.

खरी गोष्ट मात्र काकूंच्या वहीची. लांबट, पुठ्ठ्याची, हाताने रेघा मारलेली. आलात की बरोबरची खूण, नाही आलात की शून्य. सलग तीन शून्यं झाली की काकूंचा फोन. गेल्या जानेवारीत माझी तीन झाली. पैसे संपत आले होते, आणि मैत्रिणीचं साखरपुड्याचं स्टेटस पाहून उगाच रडले होते.

“ताप आहे, की नुसतीच पडलीयेस?”

“नुसतीच.”

“मग ये. पोहे केलेत.”

गेले. पोहे जरा कोरडे होते.

संध्याकाळी पाचला हॉल पंधरा मिनिटं सक्तीने रिकामा करायचा. सगळे गॅलरीत चहाला. तिथे एकच नियम, टेस्ट सिरीजचे मार्क विचारायचे नाहीत. मग पोरं दुसरं बोलतात. घरी ‘छान चाललंय’ असं सांगून फोन ठेवणारी मी एकटीच नाही, हे मला तिथेच कळलं. सगळ्यात पुढे असलेला लातूरचा मुलगाही तेच करतो.

पाण्याच्या पिंपावर लाल स्केचपेनने 14416 लिहिलंय. टेली-मानसचा नंबर, मानसिक आरोग्यासाठी फोनवर बोलायची केंद्र सरकारची सेवा, 2022 पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. एकदा रात्री दीड वाजता मी लावला होता. सांगायला लाज वाटत नाही, कारण पिंपाशी तो नंबर मोबाइलमध्ये घेताना मी तिघांना तरी पाहिलंय.

रविवारी सकाळी काका पर्वती चढतात, ज्याला यायचं त्याने यावं. 103 पायऱ्या. मी आजवर चारदाच गेले. वर वारा लागला की दुपारपर्यंत डोकं हलकं राहतं, एवढं खरं.

आता एक तारा का कापला. मुलींसाठी बाथरूम एकच, सकाळी रांग. मे महिन्यात पत्र्याखालच्या टेबलांवर बसवत नाही, पंखा गरम हवाच फिरवतो. जागा घेताना भिंतीकडची मागा. गाडी लावायला जागा नाही. आणि लक्ष ठेवणं व लक्ष घालणं यातली रेघ काकांना दिसत नाही. ‘तो सोडायला आलेला कोण?’ हे मला जिन्यात, चारचौघांसमोर विचारलं गेलंय. काकूंनी आतून “अहो!” केलं म्हणून तिथेच थांबलं.

डिपॉझिट 500, सोडताना परत देतात. लॉकरची किल्ली हरवली तर त्यातून 150 कापतात. माझी हरवलीय, अजून सांगितलेलं नाही.