मोटरला पैकीच्या पैकी, पॅडला निम्मे

घरातल्या एका खोलीत मी पडदे आणि जाड कापडाच्या पिशव्या शिवून विकते. मशीन कारखान्यात असतं तसलं, सरळ टाक्याचं, टेबलाखाली मोटर टांगलेलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार होती की दुपारभर डोक्यावर काहीतरी घोंघावत असतं. त्यावर उपाय म्हणून दोन वस्तू घेतल्या: जुन्या क्लच मोटरच्या जागी सर्वो मोटर, आणि टेबलाच्या पायांखाली रबरी पॅड. दोन्ही भरपूर वापरून झाल्यात, म्हणून लिहिते आहे. कंपन्यांची नावं देत नाही, कारण एकच मोटर वेगवेगळ्या स्टिकरखाली विकली जाते आणि पॅडचं तर विचारूच नका.

आधी तक्रारीबद्दल, कारण तिच्याशिवाय मोटरची किंमत कळणार नाही. मशीनचा आवाज म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात सुईची खडखड येते. माझ्याही तीच होती. पण काकू म्हणाल्या, "अगं, तू शिवतेस त्याचा नाही गं एवढा त्रास. तू थांबतेस ना, तेव्हाच ते जास्त जाणवतं." मला वाटलं त्यांची गल्लत होतेय. थांबल्यावर आवाज कसला? मग एकदा मुलाला मशीनवर बसवलं आणि स्वतः काकूंच्या बेडरूममध्ये जाऊन बसले. काकूंचं अगदी बरोबर होतं. खडखड तिथवर जेमतेम पोचत होती. पोचत होती ती घरघर. खालच्या पट्टीतली, सलग, नेमकी कुठून येते ते न कळणारी. पलंगाच्या कडेवर हात ठेवला तर हातालाही कळत होती.

ती घरघर क्लच मोटरची. या मोटरचं बटण दाबलं की ती पूर्ण वेगात फिरायला लागते आणि बटण बंद करेपर्यंत फिरतच राहते. 50 हर्ट्झच्या विजेवर दोन ध्रुवांची असेल तर मिनिटाला साधारण 2850 फेरे, चार ध्रुवांची असेल तर 1425 च्या आसपास. पायडल दाबलं की आतल्या चकत्या एकमेकींना टेकतात आणि ती गती पट्ट्यातून मशीनच्या चाकाला मिळते, इतकंच. तुम्ही कापड सरकवताय, बॉबिन बदलताय, फोनवर मापं लिहून घेताय, मोटर आपली फिरतेय. आणि पडद्याच्या कामात हे हातातलं काम टाके घालण्यापेक्षा जास्त वेळ खातं. वर बसलेल्या माणसाला त्या घरघरीची इतकी सवय होते की ती ऐकूच येत नाही. मोटर टेबलाला घट्ट बोल्टने बसवलेली, टेबलाचे लोखंडी पाय जमिनीवर, आणि ती जमीन म्हणजे काकूंचं छत.

सर्वो मोटर पायडल दाबल्याशिवाय फिरत नाही. तिचा सगळा गुण या एका वाक्यात आहे. पाय उचलला की खोलीत शांतता. पहिल्या दिवशी मी बटण चालू आहे ना ते सारखी वाकून बघत होते. शिवतानाही मोटरचा आवाज जवळजवळ नाही. जो येतो तो मशीनच्या डोक्याचा, सुईदांड्याचा आणि खालच्या हुकाचा. विजेचा वापरही कमी होतो, कारण रिकामं फिरणं बंद होतं.

दुसरा फायदा वेगाचा. ज्युकीचं डीडीएल-8700 घ्या, या जातीतलं सगळ्यांच्या ओळखीचं मशीन. ते मिनिटाला 5500 टाक्यांपर्यंत जाऊ शकतं. घरी एवढा वेग कुणाला लागतो? क्लच मोटरवर हळू शिवायचं म्हणजे पायाच्या चवड्यावर अर्धवट दाब धरून ठेवण्याची कसरत, आणि नवशिक्याच्या पायाखाली मशीन सुसाट सुटतं. सर्वोबरोबर येणाऱ्या नियंत्रणाच्या डब्यावर जास्तीत जास्त वेग ठरवून ठेवता येतो. मी 2500 वर बांधून ठेवला आहे. लांब शिवणीला थोडा वेळ जास्त लागतो, पण मशीनचा आवाज वेगाबरोबर वाढतो, आणि 2500 वर तो बाजूच्या खोलीतही सुसह्य आहे.

आता खोड्या. स्वस्तातल्या सर्वो मोटरींना अगदी कमी वेगात जोर कमी पडतो. पिशवीच्या बंदाजवळ कापडाचे सहा-आठ थर एकत्र येतात, तिथे सुई अर्ध्यात अडते, मोटर कण्हते आणि डब्यावर बिघाड दाखवणारा आकडा लुकलुकायला लागतो. त्यावर उपाय मोटरची पुली, म्हणजे पट्टा ज्यावरून फिरतो ते चाक, बदलण्याचा: लहान पुली लावली की वेग कमी होतो आणि जोर वाढतो. पण पुली लहान झाली की पट्टाही दुसऱ्या मापाचा लागतो, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. फक्त पडदे शिवणाऱ्यांना याची गरज पडणार नाही. चामडं किंवा ताडपत्रीसारखं काही शिवत असाल तर पुली मोटरबरोबरच मागवा.

बसवणं अवघड नाही. टेबलाची तीन भोकं जुन्या मोटरचीच जुळतात, बोल्ट तेच चालतात, पायडलची दांडी नव्या मोटरच्या आकड्यात अडकवायची. फिरण्याची दिशा मात्र सुई न ओवता तपासा. चाक उलटं फिरलं तर टाका पडत नाही आणि दोरा खाली गुंता करून बसतो. दिशा डब्यावरच्या सेटिंगमधून बदलते. माहितीपत्रक अगम्य भाषेत होतं, त्याचा उपयोग शून्य.

पॅडबद्दल माझं मत इतकं सरळ नाही.

वॉशिंग मशीनखाली ठेवायला म्हणून मिळतात तेच चौकोनी रबरी पॅड मी घेतले, मध्ये पायासाठी खोलगट जागा असलेले. पाकिटावर लिहिलेलं असतं की कंपन "शोषून घेतं". पण कुठलंही रबर कुठल्याही वजनाखाली ठेवलं की काम झालं, असं होत नाही. पॅड स्प्रिंगसारखं काम करतं, आणि स्प्रिंग दबली तरच काम करते. टेबलाच्या वजनाने पॅड साधारण 1 मिलिमीटर दबत असेल तर त्यावरच्या टेबलाची स्वतःची डुलण्याची गती सेकंदाला 16 वेळांच्या आसपास येते. 4 मिलिमीटर दबत असेल तर 8 च्या आसपास. कंपन या गतीच्या सुमारे 1.4 पटीच्या वर असेल तरच पॅड ते अडवतं. त्याच्या खाली काही अडवत नाही, आणि दोन्ही गती जुळल्या तर उलट वाढवतं. हिशेब ढोबळ आहे, कारण हलताना रबर जरा जास्त ताठ वागतं, पण माझ्याकडे घडलं ते असंच. 2500 टाके म्हणजे सेकंदाला सुमारे 42. तिथे पॅड छान चालतात. पण मिनिटाला नऊशे-हजार टाक्यांच्या वेगात टेबल असं थरथरायला लागतं की वरची कात्री चालत कडेला येते. त्या वेगात मी रेंगाळत नाही, एवढंच.

दुसरी अडचण वजनाच्या वाटणीची. मशीनचं डोकं आणि मोटर टेबलाच्या एका बाजूला, त्यामुळे त्या पायाखालचं पॅड पार चेपलेलं आणि समोरच्या कोपऱ्यातलं जसंच्या तसं. चेपून सपाट झालेलं पॅड आणि न दबलेलं पॅड, दोन्ही सारखीच निरुपयोगी. हलक्या कोपऱ्यांतली पॅड मी कापून अर्धी केली. क्षेत्र कमी झालं की त्याच वजनाखाली ती जास्त दबतात. जड पायाखाली मोठ्या मापाचं पॅड टाकलं. एक गंमत अशी की क्लच मोटर सर्वोपेक्षा बरीच जड असते. म्हणजे मोटर बदलली की टेबल हलकं होतं आणि पॅडचं सगळं गणित पुन्हा बिघडतं. दोन्ही घेणार असाल तर मोटर आधी बसवा, पॅड नंतर कापा.

फरक पडला का? मोटर बदलल्यावर काकूंनी आपणहून फोन करून विचारलं, "काय गं, काम बंद केलंस की काय?" पॅड टाकल्यावर विचारायला मी गेले, तर म्हणाल्या, "असेल थोडं कमी." यावरून गुण तुम्हीच द्या. पॅड मोटरच्या मानाने अगदीच स्वस्त आहेत, म्हणून निम्मे गुण तरी देते.

भिंतीला लावायचे ते खाचाखाचांचे फोमचे तक्ते मी घेतले नाहीत, जरी जो येतो तो तेच सुचवतो. फोम खोलीच्या आतला प्रतिध्वनी कमी करतो. गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर उपयोगी. आवाज भिंतीपलीकडे जाण्यापासून अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर जेमतेम 6 डेसिबलचा फरक पडतो, आणि फोमला वजनच नसतं. शिवाय काकूंकडे आवाज जात होता तो भिंतीतून नव्हे, टेबलाच्या पायांतून.

फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपचा दाखला देऊन शेजाऱ्यांशी वाद घालणाऱ्यांसाठी दोन शब्द. ही ॲपं बहुधा मानवी कानाच्या हिशेबाने जुळवलेला आकडा दाखवतात, त्याला ए-वेटिंग म्हणतात. त्यात 100 हर्ट्झच्या आवाजातून सुमारे 19 डेसिबल वजा होतात आणि 50 हर्ट्झच्या आवाजातून सुमारे 30. म्हणजे मोटरची घरघर नेमकी तिथेच, जिथे ॲप कान झाकून घेतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसा घरात 35 आणि रात्री झोपण्याच्या खोलीत 30 डेसिबल अशी मर्यादा सुचवलेली आहे, पण त्याच कागदात असंही म्हटलंय की खालच्या पट्टीतला आवाज जास्त असेल तर मर्यादा याहूनही कमी हवी. तेव्हा आकडा हिरव्या पट्ट्यात दिसतोय म्हणून खालचा माणूस उगाच कुरकुरतोय असं होत नाही. मी काकूंना फोन दाखवायला गेले नाही ते याच कारणाने.

काही आवाजांना मोटर आणि पॅड दोन्ही लागू पडत नाहीत. पडद्याला गोल कड्या बसवताना हातोडी मारली की तो धक्का थेट जमिनीत जातो. खाली रबर टाकलं, तरी गेला. तिथे दाबाचं हातपंच मशीन घेतलं, लांब दांड्याचं. हाताला कष्ट जास्त पण ठोका नाही. कात्री टेबलावर आपटणं, इस्त्री आदळणं, खुर्ची ओढणं यांना वस्तू नाही, सवयच बदलावी लागते. आणि माझे ग्राहक काकूंची बेल वाजवतात, त्याला तर काहीच विकत मिळत नाही. पत्त्याच्या मेसेजमध्ये मजला ठळक लिहून पाठवते आणि माल नेण्याची वेळ संध्याकाळची ठरवून देते. तरी दुपारी कोणीतरी उगवतंच. त्याबद्दल काकू बोलतात, आणि मी ऐकून घेते.

घरगुती छोट्या मशीनवर काम करणाऱ्यांनी हे वाचून मोटर शोधू नये. त्या मशीनची मोटर आधीच पायडलवर चालते, रिकामी फिरत नाही. तिथे जड, पक्कं टेबल आणि मशीनखाली जाडसर मऊ चटई एवढंच करून पाहा.

शेजारच्या भिंतीकडून आता ओव्हरलॉकबद्दल, म्हणजे कापडाच्या कडा बांधणाऱ्या मशीनबद्दल, कुरबुर आली आहे. तो आवाज वेगळा, वरच्या पट्टीतला, हवेतून जाणारा. मोटर बदलून तो फारसा जाणार नाही. वेग बांधला तर थोडा उतरेल आणि मशीन भिंतीपासून हलवलं तर आणखी थोडा. मोटर मात्र मागवली आहे, कारण ओव्हरलॉकखालचीही क्लच मोटरच आहे, आणि तीही काकूंच्या डोक्यावरच.