मटणाऐवजी काय? सोयावडी, कुयरी की फ्रीझरमधलं पाकीट

गेल्या श्रावणात आमच्या कन्येनं मटण सोडलं. श्रावण संपला, गणपती झाले, नवरात्रही गेलं, तरी तिनं ते परत धरलं नाही. घरात आम्ही पाच माणसं. रोज दोन वेगळ्या भाज्या करायला आई तयार नाही, आणि मला नि चिरंजिवांना झणझणीत रस्सा नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. आम्ही मूळचे सांगलीकडचे. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं मत कांदा-लसूण मसाला खाऊन बनलेलं आहे.

तेव्हापासून तीन गोष्टी आलटून पालटून करून पाहिल्या: सोयावडी, कच्चा फणस आणि फ्रोझन पाकिटातलं शाकाहारी ‘मटण’. पनीर यात धरलेलं नाही, ते पनीरच लागतं. मशरूम मला आवडतात, पण आईच्या मते ती काही पावसाळ्यातली अळंबी नव्हे. विषय संपला.

पहिल्या रात्री पाकिटानं बाजी मारली, हे कबूल करतो. वाटाणा घालून खिमा केला. आईनं दोन घास खाल्ले आणि नातीला विचारलं, “बाळा, नक्की चालतं ना गं तुला हे?” याहून मोठं प्रशस्तिपत्रक कुठलं? या धंद्यात नावाजलेली मंडळीही आली. रितेश आणि जेनेलिया देशमुख २०२१ मध्ये उतरले, २०२२ मध्ये टाटा आणि आयटीसी आले. आम्ही दोन-तीन कंपन्यांची पाकिटं आणली. कुठली आवडली नि कुठली नाही ते सांगत बसत नाही, कारण माझी तक्रार एकट्या कुणाबद्दल नाही. पाच माणसांना दोन पाकिटं लागतात आणि तेवढ्या पैशांत किलोभर चिकन येऊन वर सुट्टे परत मिळतात. तेही एक वेळ चालवून घेतलं असतं.

माझं घोडं अडलं ते डब्यापाशी.

आपल्याकडे मटणाचा रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. रात्रभर मुरतो, तर्री वर येते. रात्रीचं उरलेलं सकाळी डब्यात, हाच आमच्या घरचा शिरस्ता. पाकिटातल्या तुकड्यांचा रस्सा मी याच हिशेबानं जरा जास्त केला. दुपारी कन्या घरी आली, डबा अर्धा भरलेला. “बाबा, पीठ पीठ लागतं हे.” मी एक तुकडा बोटांत धरला तर तो भिजलेल्या पावासारखा दबला. रात्री हाच तुकडा दाताखाली छान लागत होता.

नंतर पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. अशा बऱ्याच पदार्थांना धरून ठेवायला मिथाइल सेल्युलोज वापरतात, कधी नुसता ४६१ हा आकडा छापलेला असतो. याचा स्वभाव चायना ग्रासच्या बरोबर उलटा. गरम झालं की घट्ट होतं, गार झालं की सैल पडतं. म्हणजे कढईतून थेट ताटात वाढलं तर उत्तम. पुन्हा गरम केलं तर थोडं सावरतंही, पण शाळेत डबा गरम करून कोण देणार? सगळ्याच पाकिटांत हे नसतं, तेव्हा घेण्याआधी मागची बाजू वाचा. शिवाय मसाला त्यांचा आधीच मुरलेला असतो, त्यात आपला मसाला उपरा वाटतो. मीठही हात राखून घालावं लागतं.

कुयरीचं, म्हणजे कोवळ्या फणसाचं, मला कौतुक आहे. सासरवाडी राजापूरकडची, त्यामुळे मोसमात एखादी येतेच. विळीला आणि हाताला खोबरेल चोपडून बसायचं, तरी चीक मनगटापर्यंत पोचतोच. पण उकडून, ठेचून, भाजक्या वाटणात शिजवली की तिचे धागे सुटतात आणि रस्सा अंगात घेतात. दुसऱ्या दिवशीही बिघडत नाही. अडचण एवढीच की ती मोसमातली पाहुणी, आणि १०० ग्रॅमला प्रथिनं जेमतेम अडीच ग्रॅम. वाढत्या पोरीच्या ताटात मटणाच्या जागी एवढंच वाढायचं म्हणजे मनाची समजूत. आम्ही कुयरी करतो तेव्हा बरोबर उसळ असते.

राहिली सोयावडी. तिच्या वाट्याला आलेली बदनामी बरीचशी आपल्या आळसाची आहे. गरम पाण्यात टाकली, पिळली, आमटीत सोडली, की ती स्पंजासारखी लागणारच आणि तो उग्र वास येणारच. मी मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवतो, गार पाण्यातून काढतो आणि दोन्ही तळव्यांत दाबून पिळतो. पिवळट, फेसाळ पाणी निघतं. मग पुन्हा गार पाणी, पुन्हा पिळणं. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. नंतर दही, आलं-लसूण, हळद आणि मसाला चोळून अर्धा तास झाकून ठेवायची. शेवटी तेलावर कडा तांबूस होईस्तोवर परतायची आणि मगच कांदा-खोबऱ्याच्या वाटणात घालायची. हे परतणं चुकवलंत तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

पुड्यावरच्या आकड्याला मात्र भुलू नका. १०० ग्रॅमला ५० ग्रॅम प्रथिनं ही कोरड्या वडीची गोष्ट. भिजून ती तिप्पट होते, म्हणजे ताटातल्या १०० ग्रॅमला साधारण १६-१७. तरी कुयरीच्या कितीतरी पुढे, आणि तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या पिठाची असल्यामुळे स्वस्तही. पुडा डाळीच्या डब्याशेजारी महिनोन्‌महिने पडून राहतो, रात्री आठ वाजता आठवलं तरी चालतं.

आणि दुसऱ्या दिवशी? वडीचा पोत यंत्रात दाबाखालीच तयार झालेला, तो गार झाला म्हणून सुटत नाही. रात्रभर रस्सा पीत बसते. सकाळी आणखी चांगली लागते, असं मी म्हणेन, चिरंजीव म्हणतात, “ठीक आहे.” तो मटण अजून सोडणार नाही, आणि त्याला सोयावडी मटण वाटावी अशी माझी अपेक्षाही नाही. कुणाला वडीनं पोटात गुबारा धरतो, त्यांनी थोडक्यात आटपावं. तुमच्याकडे डब्याची भानगड नसेल, जेवण त्याच रात्री संपत असेल, तर कदाचित तुम्ही पाकिटाकडेच झुकाल, आणि त्यात काही चूक नाही.

आमच्या फ्रीझरमध्येही एक पाकीट आहे. शनिवारी पोरांच्या मित्रांसाठी खिमापाव करायचा म्हणून आणलंय. उरणार काही नाही.