घरचं निश्तमाल: काही महिन्यांच्या वापरानंतर

निश्तमाल म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवून मुरवलेला मका. आधी निकाल सांगते. मक्याच्या ओल्या पिठाचे मेक्सिकन पदार्थ घरी करायचे असतील, तर सगळ्यात जास्त विचार दळणाचा करा. टॉर्टिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी, दाबायची प्रेस, तवा, टॉर्टिया ठेवायची टोपली हे सगळं नंतर. गेले कित्येक महिने मेक्सिकोतल्या केरेतारो शहरातल्या आमच्या स्वयंपाकघरात शनिवारी रात्री मका शिजतो आणि रविवारी सकाळी दळला जातो. नोकरीच्या निमित्ताने इथे आलेली मराठी मंडळी भेटली की तेच प्रश्न विचारतात: पाकिटातलं पीठ पुरेल का, प्रेस लोखंडाची घ्यावी की लाकडाची, मिक्सरमध्ये होतं का? त्या सगळ्यांसाठी हे सविस्तर.

पाकिटापासून सुरुवात करते, कारण बहुतेकांची तिथूनच होते. मासा हारिना म्हणजे चुन्यात शिजवलेला मका दळून, वाळवून केलेलं पीठ. ग्रुमा ही कंपनी 1949 मध्ये नुएवो लेओन राज्यातल्या सेराल्वो गावात सुरू झाली, आणि तिचं मासेका आज जगभर मिळतं. आपल्याकडे रोटीसाठी मिळतं ते मक्याचं पीठ वेगळं. त्याचा मका चुन्यात शिजलेला नसतो, त्यामुळे पाणी कितीही घाला, गोळा धरत नाही. पाकिटाच्या 500 ग्रॅम पिठाला साधारण 700 मिली कोमट पाणी लागतं, पण ते एकदम ओतू नका. थोडं थोडं घालत मळा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास तरी ठेवा, कारण कोरडं पीठ पाणी सावकाश पितं. गोळा बोटाने दाबल्यावर कडेला चिरा पडल्या तर पाणी कमी आहे, हाताला चिकटला तर जास्त.

या पिठाला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. कामावरून दमून आल्यावर जेवणाआधी सोपेस किंवा गोर्दिता या जाड चकत्या करायच्या तर हेच उपयोगी पडतं. घट्ट होत जाणारं गरम आतोले हे पेय याच पिठाचं पटकन होतं, तेही उत्तम. पण टॉर्टिया केल्या की फरक दिसतो. ताज्या दळणाच्या टॉर्टियाला जो वास असतो, तो इथे फार फिका येतो. शिवाय दुसऱ्या दिवशी त्या दुमडताना तुटतात.

आता खरा मामला. 1 किलो वाळलेला मका, 3 लिटर पाणी, 10 ग्रॅम खाण्याचा चुना. इथे तो बाजारात ‘काल’ म्हणून मिळतो. आधी चुना पाण्यात विरघळवायचा, मग मका घालायचा आणि मंद उकळीवर ठेवायचा. भांडं स्टीलचं किंवा एनॅमलचं घ्या. ॲल्युमिनियमला चुना खातो, ते भांडं या कामाला अजिबात नको. केरेतारो समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटर उंचीवर आहे. इथे पाणी 94 अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे समुद्रकाठच्या पाककृतीतली वेळ इथे पुरत नाही. म्हणून घड्याळापेक्षा दाण्यावर भरवसा ठेवा. दाणा दोन बोटांत चोळला की साल सुटून निसरडी लागली पाहिजे, आणि नखाने तोडला की मध्ये पांढरा कोरडा ठिपका उरला पाहिजे. ठिपका गेला म्हणजे मका जास्त शिजला. मग पीठ चिकट होतं आणि टॉर्टिया तव्याला धरते. एवढं झालं की गॅस बंद करून झाकण ठेवा आणि रात्रभर, म्हणजे 8 ते 12 तास, तसंच मुरू द्या.

सकाळी पिवळं, दाटसर पाणी ओतून मका दोन-तीन पाण्यांनी धुवायचा. साल मात्र पूर्ण काढू नका. माझं ठाम मत आहे की थोडी साल राहिलेलं पीठ जास्त लवचिक होतं. पांढरा शुभ्र गोळा हवा म्हणून दाणे घासून घासून सोलणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्या टॉर्टिया गार झाल्या की तडकतात. चुन्याचं प्रमाणही वाढवू नका. जास्त झाला तर चव कडवट होते, पांढरा मका पिवळट दिसतो आणि निळ्या मक्यावर हिरवट छटा येते.

हा चुना नेमकं काय करतो ते एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं वाटतं. सालीतलं हेमिसेल्युलोज त्याने सैल होतं, म्हणून साल सुटते. दाण्यातला स्टार्च थोडा फुलतो आणि पीठ एकमेकांना धरू लागतं. मक्यात ग्लूटेन नसतं. ज्वारीच्या भाकरीत उकळत्या पाण्याने जे काम होतं, ते इथे रात्रभर मुरलेला चुना करतो. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व एरवी शरीराला मिळत नाही, ते या प्रक्रियेत मोकळं होतं. मका युरोपात गेला, पण ही कृती त्याच्याबरोबर गेली नाही. 18 व्या शतकात स्पेनच्या अस्तुरियास भागात गास्पार कासाल या वैद्याने मक्यावरच जगणाऱ्या गरिबांमधल्या ज्या रोगाचं वर्णन केलं, तो नायसिन न मिळाल्याने होणारा पेलाग्रा. 20 व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेतही त्याने हजारो माणसं नेली. मेक्सिकोतल्या खेड्यांत मका हेच मुख्य अन्न असूनही हा रोग तसा पसरला नाही. ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या दाण्याला चुना लावला, त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

दळणाचे मी चार मार्ग वापरले आहेत.

मिक्सर: पाणी घातल्याशिवाय पातं फिरत नाही आणि पाणी घातलं की पीठ सैल होतं. मग त्यात मूठभर मासा हारिना मिसळून घट्ट करावं लागतं. तरीही आत बारीक कण राहतात. आतोलेला चालेल, टॉर्टियाला नको.

टेबलटॉप वेट ग्राइंडर: इडलीसाठी आणलेला आमच्याकडे होताच. त्यात दगड असल्यामुळे पीठ खरोखर चांगलं वाटलं जातं. मात्र मका एकदम घालू नये. मूठ-मूठ घालत, चमच्याने कडा खरवडत, दर थोड्या वेळाने पाण्याचा हबका मारत काम करायचं. शेवटी पीठ थोडं ओलसर राहतं, त्यात थोडं पाकिटातलं पीठ मिसळलं की जमतं. घरात ज्यांच्याकडे हा आहे, त्यांनी दुसरं काही घेण्याआधी यावरच करून पाहावं.

हाताने फिरवायची लोखंडी चक्की: टेबलाला घट्ट आवळून बसवायची असते. टेबल जाड आणि जड नसेल तर चक्कीबरोबर तेही हलतं. एका फेरीत भरड निघते, टॉर्टियासाठी दोनदा फिरवावी लागते, आणि दुसऱ्या फेरीत खांदे भरून येतात. धातूच्या चकत्या दाणा कापतात. दगडासारखा रगडत नाहीत, त्यामुळे कितीही केलं तरी पीठ किंचित रवाळ राहतं. पानात गुंडाळून वाफवलेल्या तामालसाठी मात्र भरडच हवी असते, म्हणून तिथे ही चक्की माझी आवडती आहे. एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत: काम झाल्या झाल्या सगळे भाग सुटे करून, धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवला नाही तर दुसऱ्या दिवशी गंज दिसतो.

चौथा मार्ग म्हणजे मोलिनो, मोहल्ल्यातली गिरणी. मका घरी शिजवायचा, धुवायचा, बादलीत घालून तिथे न्यायचा. ज्वालामुखीच्या काळ्या दगडाच्या चकत्यांमधून काही मिनिटांत पीठ बाहेर पडतं, हाताला कोमट लागतं. तितकं मऊ पीठ घरच्या कुठल्याही यंत्राने निघालं नाही. आमच्या गिरणीवर सकाळी लवकर रांग असते. रांगेत पुढे उभ्या असलेल्या सेन्योरा माझ्या बादलीत हात घालून दोन दाणे चोळून बघतात आणि मान हलवतात. ती मान होकारार्थी हलली की दिवस चांगला जातो. मेक्सिकोत राहणाऱ्यांना माझा सल्ला सरळ आहे. जवळ गिरणी असेल तर चक्की विकत घेऊ नका.

प्रेसबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जड घ्या, लोखंडी किंवा लाकडी, दोन्ही चालतात. हलक्या ॲल्युमिनियमच्या प्रेसचा दांडा वाकलेला पाहिला आहे. प्लास्टिकची जाडसर पिशवी कापून दोन गोल करा आणि त्यांच्यामध्ये 30 ग्रॅमचा उंडा ठेवा. क्लिंग फिल्म वापरू नका, ती सुरकुतते आणि सुरकुती टॉर्टियावर उमटते. एकदा दाबा, अर्धा फिरवा, पुन्हा हलकं दाबा, म्हणजे एक बाजू जाड राहत नाही.

तव्याचं, म्हणजे कोमालचं, थोडं जास्त सांगते. आमच्याकडे बिडाचा आणि मातीचा दोन्ही आहेत. मातीच्या कोमालवर आधी चुन्याचं पाणी सारवून तो मंद आचेवर तापवायचा. चुन्याचा थर असला की टॉर्टिया चिकटत नाही, आणि थर गेला की पुन्हा द्यायचा. त्यावरच्या टॉर्टियाची चव मला जास्त आवडते. पण मोठ्या आचेवर एकदम ठेवला तर तो तडकतो. रोजच्या घाईत बिडाचाच बरा.

तवा चांगला तापलेला हवा. टॉर्टिया टाकली की 15-20 सेकंदांत कडा सुटतात, तेव्हा उलटा. दुसऱ्या बाजूला जास्त वेळ द्या, तपकिरी ठिपके येईपर्यंत. मग पुन्हा उलटून मध्यावर बोटांनी हलकं दाबा. पीठ नीट असेल तर ती टम्म फुगते. फुगली नाही तर तीनपैकी एक कारण असतं: पाणी कमी, तवा गार किंवा दळण जाड. तव्यावरून काढलेल्या टॉर्टिया लगेच खाऊ नका. जाड कापडात गुंडाळून दहा मिनिटं त्यांना आपल्याच वाफेत राहू द्या. मऊपणा तिथे येतो.

टॉर्टियावर हात बसला की बाकीचे पदार्थ आपोआप उघडतात. सोपेससाठी जाड चकती अर्धवट भाजून गरम असतानाच कडा चिमटीने उभारायच्या, त्यावर शिजवून घोटलेला राजमा, कांदा, साल्सा. त्लाकोयो लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आत शिजवलेल्या कडधान्याचं सारण भरलेला. निळ्या मक्याचा, वर चिरलेला नोपाल निवडुंग घातलेला त्लाकोयो आमच्याकडे सगळ्यात आधी संपतो. केसादियात, म्हणजे दुमडून भाजलेल्या टॉर्टियात, भोपळ्याची फुलं आणि एपासोते हा उग्र वासाचा पाला घालते. केरेतारोच्या मेर्कादो दे ला क्रूसमध्ये गोर्दिता दे मिगाहास मिळतात. त्यात डुकराच्या मांसाचे तळलेले बारीक कण पिठातच मळतात. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे ती गोर्दिता घरी करत नाही, पण भरड पिठाची आणि चीजची करते.

तामालला मात्र वेगळी शिस्त लागते. इथे 6 जानेवारीच्या रोस्का ब्रेडमध्ये ज्याला बाळाची छोटी मूर्ती सापडते, त्याने 2 फेब्रुवारीला, कान्देलारियाच्या दिवशी, सगळ्यांना तामाल खाऊ घालायचे असतात. पीठ भरड हवं, शक्यतो काकावासिंत्ले या मोठ्या, मऊ दाण्याच्या मक्याचं. परंपरेने त्यात डुकराची चरबी फेटतात. मी 1 किलो ओल्या पिठाला 300 ग्रॅम लोणी घेते. आधी लोणी एकटंच पांढरं, हलकं होईपर्यंत फेटायचं, मग पीठ आणि कोमट भाजीचं पाणी घालून पुन्हा फेटायचं. पिठाची गोळी थंड पाण्यात टाकली आणि ती तरंगली म्हणजे झालं. बुडाली तर फेटत राहा, इथे सूट नाही. भिजवलेल्या कणसाच्या पानांत पीठ पसरून मध्ये भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या आणि चीज ठेवायचं, उघडं तोंड वर करून वाफेच्या भांड्यात उभे लावायचे. दीड तास तरी लागतो, आमच्या उंचीवर थोडा जास्तच. भांड्याच्या तळाशी पाण्यात एक नाणं टाकतात. पाणी आहे तोवर ते खुळखुळतं, आवाज थांबला की गरम पाणी घालायचं. ही युक्ती मी आता मोदकांनाही वापरते. तामाल काढल्यावर पंधरा मिनिटं तसेच ठेवा. पान पिठापासून स्वच्छ सुटलं तर ते शिजले.

त्रासही सांगायला हवा. मका शिजताना घरभर ओल्या चुन्याचा वास येतो, सगळ्यांना तो सोसत नाही. ताजं पीठ उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबट व्हायला लागतं, फ्रीजमध्ये फार तर दोन-तीन दिवस टिकतं. 1 किलो मक्याचं जवळपास 2 किलो ओलं पीठ होतं, म्हणून छोट्या कुटुंबाने त्याहून जास्त शिजवू नये. उरलेल्या टॉर्टिया वाया जात नाहीत. तुकडे तळले की तोतोपोस, तेच हिरव्या साल्सात परतले की न्याहारीचे चिलाकिलेस.

पुण्या-मुंबईत हे करायचं असेल तर: मका बियाण्याच्या दुकानातून आणू नका, त्यावर बुरशीनाशक चोळलेलं असतं. किराण्यात मिळणारा खाण्याचा वाळलेला मका घ्या, पांढरा मिळाला तर उत्तम. चुना पानाच्या टपरीवरचा नको, खाद्य दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड लिहिलेली पुडी घ्या, आणि ती भुकटी डोळ्यांत, नाकात जाऊ देऊ नका. पुरीयंत्र प्रेस म्हणून चालतं. आणि दक्षिण भारतीय शेजाऱ्यांकडे वेट ग्राइंडर असेल तर पहिल्या खेपेला तोच मागून आणा.