फाइंड व्ह्यू बाय आयडी ठेवायचं, की व्ह्यू बाइंडिंगवर यायचं?

जुनं अँड्रॉइड अ‍ॅप हातात आलंय, सगळीकडे फाइंड व्ह्यू बाय आयडी (स्क्रीनवरचा घटक, म्हणजे व्ह्यू, त्याच्या आयडीवरून शोधणारी मेथड) भरलंय, आता ते तसंच चालू द्यायचं, व्ह्यू बाइंडिंग (त्याच कामासाठी आपोआप बनणारा कोड) घ्यायचं की सरळ कंपोजमध्ये (स्क्रीन एक्सएमएलऐवजी कोडमध्येच लिहायची पद्धत) नव्याने लिहायचं? माझं मत आधीच सांगतो, स्क्रीनची मांडणी, म्हणजे लेआउट, एक्सएमएल फाइलमध्येच राहणार असेल तर व्ह्यू बाइंडिंग.

फाइंड व्ह्यू बाय आयडीत हल्ली कास्ट (हा व्ह्यू अमुक टाइपचा माना, असं कोडमध्ये सांगणं) दिसत नाही, म्हणून तो गेला असं समजू नका. आधी दरवेळी कंसात टेक्स्टव्ह्यू वगैरे लिहावं लागायचं, एपीआय २६ पासून मेथड जेनेरिक झाली, म्हणजे टाइप संदर्भावरून ठरू लागला, आणि कंस गेले, पण तपासणी काही वाढली नाही, तुम्ही म्हणाल तो टाइप कंपायलर मुकाट्याने मान्य करतो. आमच्याकडे उभ्या लेआउटमध्ये बटन होतं आणि आडव्यात त्याच आयडीवर कोणीतरी (म्हणजे मीच) इमेजबटन टाकलेलं, आता नावात बटन असलं तरी ते इमेजव्ह्यूच्या खानदानातलं, आणि टेस्टिंग सगळं फोन उभा धरून, त्यामुळे पत्ताच नाही. फोन आडवा केला की क्लासकास्ट एक्सेप्शन, म्हणजे अ‍ॅप क्रॅश! आयडी लेआउटमध्ये नसेलच तर नल (म्हणजे काहीच नाही), ती वेगळी गंमत.

व्ह्यू बाइंडिंग २०२० मध्ये अँड्रॉइड स्टुडिओ ३.६ बरोबर आलं. प्रत्येक लेआउटचा क्लास बनतो आणि टाइप एक्सएमएलमधूनच येतो. एखादा व्ह्यू उभ्या-आडव्यापैकी एकाच लेआउटमध्ये असेल तर त्याचं फील्ड नलेबल (नल असू शकणारं), म्हणजे कोटलिन भाषा तिथेच अडवतं. वरच्या भानगडीत टाइप जुळत नाहीत म्हणून फील्ड नुसता व्ह्यू होतो आणि टेक्स्ट सेट करायला गेलात की बिल्डच होत नाही. तिथे वैतागून साधं 'अ‍ॅज' (कोटलिनमधला कास्ट) मारलंत तर पहिले पाढे पंचावन्न, प्रश्नचिन्हवालं अ‍ॅज (टाइप जुळला नाही तर क्रॅशऐवजी नल देणारं) वापरा आणि नल आला तर काय करायचं तेही लिहा. एक कटकट आहे, फ्रॅगमेंटमध्ये (स्क्रीनचा स्वतंत्र तुकडा) ऑन डिस्ट्रॉय व्ह्यूला (त्याचे व्ह्यू नष्ट होताना) बाइंडिंग नल करायला विसरलात की मेमरी लीक.

डेटा बाइंडिंग (एक्सएमएलमध्येच डेटा जोडणारी वेगळी यंत्रणा) फक्त कास्टिंग टाळायला घेऊ नका, बिल्ड उगाच हळू होतं.

कंपोजमध्ये व्ह्यू शोधायचाच नसतो, त्यामुळे हे कास्टिंगही नाही. पण तिथल्या नेव्हिगेशनमध्ये रूट (कुठल्या स्क्रीनवर जायचं ते पत्ते) आधी नुसते स्ट्रिंग, म्हणजे टाइप न तपासला जाणारा मजकूर, होते, टाइपवाले रूट २०२४ मध्ये नेव्हिगेशन लायब्ररीच्या २.८ व्हर्जनला आले. नवीन स्क्रीन तिथे खुशाल करा, जुन्या एक्सएमएलशेजारी ते नांदतं.

व्ह्यू बाइंडिंगसाठी ग्रेडलमध्ये (अ‍ॅप बिल्ड करणारं साधन) एक सेटिंग चालू करायचं, जुन्या कोडला धक्का लागत नाही, आणि सुरुवात ज्या स्क्रीनला आडवा लेआउट वेगळा आहे तिथूनच करा.