सहा महिने मकरपुऱ्यात: इंटर्नशिप करून पाहिल्यावर

मेकॅनिकलचं शेवटचं सत्र वर्गाऐवजी कारखान्यात काढायचा पर्याय कॉलेजनं दिला. मी तो घेतला आणि जानेवारी ते जून वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका छोट्या वर्कशॉपमध्ये काढले. सकाळी दांडिया बाजारातून निघायचं, संध्याकाळी केसांत कूलंटचा, म्हणजे कापताना जॉब थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, वास घेऊन घरी. पुढच्या बॅचमधल्या दोघीतिघींनी विचारलं, म्हणून लिहितेय.

पहिला महिना वाया गेला. चलनं टाईप करा, स्टोअरमधले इन्सर्ट (कापायच्या हत्याराची बदलती टोकं) मोजा. 30 तास भरले की 1 क्रेडिट. ते तास लेथवर (धातू फिरवत कापायच्या मशीनवर) गेले की झेरॉक्सच्या दुकानात, हे कोणी बघत नाही.

मग एकदाचा लेथ हाती आला. 50 मिलिमीटरचे शाफ्ट, मापातली सवलत (टॉलरन्स) फक्त खालच्या बाजूला आणि तीही 25 मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या 25 हजारांश भागांची. मी जॉब (कापलेला तुकडा) काढला की लगेच मायक्रोमीटर लावायचे. 49.99. खूश! सात शाफ्ट झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीत सातही 49.97 च्या खाली, म्हणजे सातही भंगारात. कूलंटची धार बारीक ठेवली होती मी, अंगावर उडतं म्हणून. जॉब चांगला चाळीसेक अंशांनी तापून फुगलेला असणार, आणि थंड झाल्यावर आकसला. स्टील एका अंशाला मीटरमागे सुमारे 12 मायक्रॉन वाढतं. 50 मिलिमीटरला 40 अंशांचे झाले 24 मायक्रॉन. अख्खी सवलत त्यातच गेली. हे गणित मी दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत सोडवलं होतं, पैकीच्या पैकी मार्क घेऊन.

फोरमनकाका ओरडले नाहीत. "ठंडुं पडवा दो, बेन" (थंड होऊ द्या, ताई), एवढंच म्हणाले आणि सातही तुकडे माझ्या टेबलावर ठेवून गेले. ते मी महिनाभर तिथून हलवले नाहीत.

आता खरी तक्रार. कॉलेजच्या लॉगबुकात चार रकाने: तारीख, काम, तास, सही. त्या दिवसाची माझी नोंद आहे, "शाफ्ट टर्निंग, 8 तास". चूक लिहायला जागाच नाही. डेव्हिड कोल्ब या शिक्षणतज्ज्ञानं 1984 मध्ये मांडलेलं अनुभवातून शिकण्याचं चक्र आम्हाला ओरिएंटेशनला स्लाइडवर दाखवलं होतं: अनुभव घ्या, त्याकडे मागे वळून बघा, त्यातून नियम काढा, पुन्हा करून पाहा. लॉगबुक पहिल्याच पायरीवर संपतं. गाईड सर सहा महिन्यांत एकदा आले, चहा घेतला, सगळ्या पानांवर सह्या केल्या. शेवटी मी घरच्या वहीत वेगळं लिहायला लागले. व्हायव्हात विचारलेल्या सगळ्याची उत्तरं त्या वहीतून आली.

आजोबांना या प्रकारात काही नवल वाटत नाही. घराजवळच कलाभवन. सयाजीरावांनी 1890 मध्ये ते सुरू केलं तेच हातानं काम शिकवायला. सिनेमावाले दादासाहेब फाळके तिथं शिकले. "तुम्हाला आता सुचलं होय?" म्हणाले.

पाचपैकी साडेतीन. दीड लॉगबुकाचा आणि पहिल्या महिन्याचा कापला. कुणाला तिथंच जायचं असेल तर आधी एक विचारून घ्या: मशीन कितव्या आठवड्यात मिळेल? उत्तर "बघू" आलं, तर दुसरीकडे बघा. आणि बूट स्वतःचे न्या, तिथले सगळे नऊ नंबरचे आहेत.